नव्या वर्षाची निरवानिरव

मी, सोनम जोतीराम रणपिसे, वय एकोणतीस, अविवाहित, धर्म ख्रिस्ती, साखर कारखान्यात उपकरण तंत्रज्ञ, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. रक्तदाबही नाही, आज सकाळी मोजला, ठीक आहे, आणि ज्या यंत्राने मोजला ते आधी तपासून घेतले, तेही ठीक आहे. डोके ठिकाणावर आहे की नाही, हे कागद पूर्ण वाचल्यावर वाचणाऱ्याने ठरवावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या वयाची धडधाकट माणसे करत नाहीत. मी का करते आहे, ते पहिल्या कलमात आहे. ते लांबले आहे. इतर कलमे आवरती घेतली आहेत.

१. कारण.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर पहिल्या जानेवारीला सकाळच्या उपासनेनंतर वचन उचलतात. शास्त्रातले एकेक वचन छापलेल्या चिठ्ठ्या वेताच्या टोपलीत घालून टोपली वेदीपुढे ठेवायची. प्रत्येकाने प्रार्थना करून एक उचलायची. जे निघेल ते त्या माणसाचे त्या वर्षाचे वचन. मग उभे राहून वर्षाचा संकल्प सांगायचा. लोक सांगतात, तंबाखू सोडीन, सुनेशी नीट बोलेन. मी मागच्या वर्षी सांगितले की घरच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बदलीन. बदलला. वर्षअखेर संकल्प पुरा झालेली मंडळीत बहुधा मी एकटीच होते, आणि त्याचा कोणाच्याही आत्म्याला काडीचा उपयोग झालेला नाही.

माझी आत्या संजीवनी हिने आई गेल्यावर मला आणि माझा भाऊ यशराज याला वाढवले. वडीलही आता ख्रिस्तवासी आहेत. घरात आत्या आणि मी. आत्या तिचे वचन पिठाच्या डब्यावर चिकटवते आणि वर्षभर त्याप्रमाणे चालते. एका वर्षी उदारपणाचे वचन निघाले, तेव्हा घरातली निम्मी भांडी गेली.

डिसेंबरात बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितले की तिच्या पोटात गाठ आहे. काढली तर बरी होण्याची आशा चांगली. न काढली तर नाही. इतके सरळ वाक्य मी डॉक्टरच्या तोंडून प्रथमच ऐकले. आत्या गाडीत बसली. मग म्हणाली, "नव्या वर्साचं वचन येऊ दे. देव जा म्हनला तर जाईन. न्हायतर हितंच बरी हाय मी."

मी म्हणाले, "आत्या, हे सर्जनने ठरवायचं असतं."

"आन् सर्जन कुनाचा हाय?"

 तिला दोष देत नाही; तिचा नवा वर्षारंभ असाच असतो. तो तारखेने नाही, हुकमाने होतो.

यंदाच्या चिठ्ठ्या छापायचे काम माझ्याकडे होते. पूर्वी आमच्या चर्चचे पाळक हिंदुराव एकेक वचन वाचून, निवडून, हाताने लिहीत. (आमच्या पाळकांचे नाव हिंदुराव आहे. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. घरात नावे ठेवायची पद्धत होती तशीच राहिली.) मला तो वेळेचा अपव्यय वाटला. मी संगणकाला काही शब्द दिले, 'भिऊ नको', 'सोबत', 'आशीर्वाद', 'जगणार', आणि हे शब्द असलेली वचने काढून छापायला लावली. सुबक निघाली. कारखान्यात आम्ही मालाचा नमुना तपासतो, सगळा माल तपासत नाही. मीही वरच्या काही चिठ्ठ्या पाहिल्या आणि टोपली भरली.

शास्त्रात एक प्रसंग आहे. राजा आजारी पडतो आणि संदेष्टा येऊन त्याला देवाचा निरोप देतो की घरची निरवानिरव करून घे, तू मरणार आहेस, जगणार नाहीस. 'जगणार' हा शब्द त्यात आहे. संगणकाने आपले काम चोख केले.

पहिल्या जानेवारीला आत्याने टोपलीत हात घातला आणि हीच चिठ्ठी उचलली.

तिची चिठ्ठी दरवर्षी मीच वाचते. मला जोडाक्षरे यायला लागली त्या वर्षापासूनची ही पद्धत. ती म्हणते, चष्मा घरी राहिला. मी चिठ्ठी हातात घेतली, पाहिली, आणि माझ्या हातातली माझी चिठ्ठी वाचून दाखवून तिला दिली. माझी बरी होती: भिऊ नको, मी तुझ्यासोबत आहे, अशा अर्थाची. वाचताना माझा आवाज हलला नाही. एरवी या आवाजाबद्दल लोक तक्रार करतात. त्या दिवशी तो उपयोगी पडला.

आत्याने डोळे मिटले, "आमेन" म्हणाली, आणि संकल्प सांगायला उभी राहिली. "मी आप्रिशन करून घेनार हाय," ती सगळ्या मंडळीला म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिची चिठ्ठी पर्समध्ये टाकली. माझी पाळी आल्यावर मी संकल्प सांगितला नाही. गळा बसला आहे असे खुणेने सांगितले. लगोलग दुसरे खोटे.

उपकरणे तपासणे हे माझे काम आहे. काटा जे दाखवतो तेच मी लिहिते. वरचे साहेब चिडले तरी तेच लिहिते. आयुष्यात चुकीचे वाचन मी एकदाच दिले, तेही देवाच्या घरात, घरच्या माणसाला.

आता माझी स्थिती अशी. चिठ्ठी म्हणजे नुसता कागद असेल, तर मी काही बिघडवलेले नाही आणि भिण्याचे कारण नाही. चिठ्ठी देवाची असेल, तर ती आता माझ्याकडे आहे आणि तिच्यात सांगितले आहे ते मला लागू आहे. मी पहिली गोष्ट मानते. वागते दुसरी मानल्यासारखी. त्या दिवसापासून स्कूटर पहिल्या गिअरमध्ये असल्यासारखी चालवते, जरी तिला गिअर नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांना कडेला थांबून वाट देते. निमगाव केतकीच्या बाजाराजवळ एका ट्रॅक्टरवाल्याने उतरून विचारले, "ताई, बंद पडली का?" मी म्हणाले, "नाही, अजून चालू आहे." त्याने स्कूटरकडे पाहिले. मी स्वतःबद्दल बोलत होते.

त्या राजाचे पुढे काय झाले तेही वाचले. तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. मी भिंतीकडे तोंड करून पाहिले. रंगाचे पोपडे निघालेले दिसले. रडू आले नाही. मग निदान निरवानिरव तरी नीट करावी, म्हणून हा कागद.

हे कलम आत्याला तिच्या शस्त्रक्रियेनंतर वाचून दाखवावे, आधी नाही. आधी कळले तर ती जाणार नाही. शस्त्रक्रिया सोमवारी आहे.

२. घर. कालव्याकडेच्या दोन खोल्या वडिलांनी बांधल्या. निम्मा हिस्सा यशराजचा आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा निम्मा हिस्सा आत्याला. स्वयंपाकघरातला दिवा चालू करताना बटण आधी वर, मग खाली करावे लागते. मी तंत्रज्ञ असून ते दुरुस्त केलेले नाही, हे मृत्यूनंतरही लोक बोलतील, म्हणून आधीच लिहून ठेवते.

३. बँकेतील शिल्लक जी असेल ती आत्याला. तिने ती वाटून टाकू नये. टाकेलच.

४. माझी हत्यारे, म्हणजे मल्टिमीटर, पाने, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि दाब तपासायचे छोटे यंत्र, कारखान्याच्या प्रयोगशाळेतली माझी सहकारी राजलक्ष्मी हिला. ती मला पाठीमागे 'फ्रीज' म्हणते. मला माहीत आहे, कारण ती तोंडावरही म्हणते. हत्यारे पुसून, तेल लावून, जागच्या जागी ठेवावीत. तिला हसताना पाहून मला अनेकदा बरे वाटले आहे. ते मी तिला सांगितले नाही, कारण फ्रीज बोलत नाही.

५. माझी ॲल्युमिनियमची शिडी भाऊ यशराज याला. ती त्याच्याकडेच आहे. हे दान नसून वस्तुस्थितीची नोंद समजावी. त्याने त्याच्या लग्नात माझी ओळख "ही आमची सोनम, हिला हसवायला सर्व्हिसिंग लागतं" अशी करून दिली होती. मंडपातली माणसे हसली. मीही हसले होते, पण कोणाच्या लक्षात आले नाही. त्याला माफ केले आहे. शिडी परत आणून द्यायची असल्यास माफीनंतरही चालेल.

६. शेजारी गेणबा तात्या यांच्या म्हशीने माझा गवती चहा तीन पावसाळे खाल्ला. म्हशीलाही माफ केले आहे. तात्यांचा विचार चालू आहे.

७. स्कूटर मंडळीला. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांची मोटारसायकल ढकलणे हा आमच्याकडे जवळजवळ विधीच झाला आहे. तो बंद व्हावा.

८. लग्न. कायदा असा आहे की ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केले, तर मृत्युपत्र आपोआप रद्द होते. हे मी आत्याला माहितीसाठी सांगितले. मृत्युपत्र कशाला, हे तिने विचारले नाही. म्हणाली, "मंग कर की रद्द." तिने निमगावातला एक मुलगाही सुचवला. कलम इथे संपले.

९. दफनविधी. साधा. पेटी सुताराने माप घेऊन करावी, अंदाजाने नको. "ती फार हसतमुख होती" असे कोणी म्हणू नये. वेदीपुढे खोटे बोलल्यावर काय होते, ते मी पहिल्या कलमात लिहिले आहे.

१०. तरुण संघ. चार वर्षे मंडळीतला तरुण संघ मला जानेवारीत "नव्या वर्षासाठी दोन शब्द" बोलायला सांगत आहे आणि चार वर्षे मी कारखान्यातली ड्युटी पुढे केली. ड्युटी नसायची. ते दोन शब्द मी इथे ठेवून जाते. मेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत, ही सोय आहे.

कोणतेही माप घेण्याआधी आम्ही यंत्रावर काहीच न ठेवता पाहतो की काटा शून्यावर आहे का. तो थोडासा सरकलेला असला, तर पुढची सगळी मापे तेवढीच चुकतात, मग माणूस कितीही काळजीपूर्वक मोजो. नवे वर्ष मला तसे वाटते. त्या दिवशी काही मिळवायचे नसते. हात रिकामे करून देवापुढे उभे राहायचे आणि आपला काटा कुठे अडकला आहे ते बघायचे. कोणाचा रागावर असतो, कोणाचा भीतीवर, माझा 'मला कोणाची गरज नाही' या खुणेवर गंजला आहे.

मी इतकी वर्षे समजत होते की श्रद्धा म्हणजे खात्री, आणि मला खात्री नसल्यामुळे मी मागच्या बाकावर बसले. या दहा दिवसांत वेगळे दिसले. मला कशाचीच खात्री नव्हती. तरी रोज उठून आत्याचे रिपोर्ट क्रमाने लावले, बारामतीच्या खेपा केल्या, आणि जाताना येताना प्रार्थना केली. प्रार्थना चांगली नव्हती. "बघ जरा," एवढीच. पण केली. तुम्हाला खात्री येईपर्यंत थांबायचे असेल तर थांबा. मी थांबले होते, आणि तिथे बाक आणि खांबाशिवाय काही नाही. संकल्प करायचा तर एका माणसाचे नाव घेऊन करा. व्हॉल्व्हचा करू नका. आणि देवाने तुम्हाला या वर्षात कशाला आणले आहे हे कळत नसेल, तर ज्याच्या कामाला आज जाता येईल त्याच्या कामाला जा. बाकीचे वाटेत कळते, असे ऐकले आहे. मला कळले की कळवीन. न कळवल्यास नववे कलम पाहावे.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पाळक हिंदुराव यांनी करावी.

१२. हे कलम रविवारी, उपासनेनंतर, चर्चच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. अक्षर वेगळे दिसेल. हात तोच आहे.

साक्षीदार म्हणून पाळकसाहेब आणि गेणबा तात्या यांना बोलावले होते. तात्या आमच्या चर्चचे नाहीत, पण सही करायला बोलावले की ते कुठेही येतात. येताना धुतलेली टोपी घालून आले. "भाऊबंदकीचा कागद हाय का?" त्यांनी विचारले. मृत्युपत्र आहे म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली. "कुनाचं?"

"माझं."

"आरं देवा. म्हशीचं एवढं मनाला लावून घितलं व्हय पोरी!"

आत्या पायरीवर बसली होती. बारामतीला भरती व्हायला दुपारी निघायचे, म्हणून तिची पिशवी शेजारी होती. पाळकसाहेबांनी सही केली, पण कागद परत दिला नाही. म्हणाले, "साक्षीदारानं आतलं वाचायचं नसतं, म्हणून वाचत नाही. एवढंच सांग, यातलं सगळं खरं आहे?"

"हो."

"आणि ज्याला ते कळायला पाहिजे, त्याला कळलंय?"

मी पहिल्या कलमात लिहिले आहे की आधी सांगू नये. ते चूक होते. खोटे वाचन ऐकून दिलेला होकार हा होकार नसतो. कारखान्यात मी असा शिक्का कधी मारला नसता. पण खरे सांगितले तर ती पिशवी उचलून घरी जाईल आणि गाठ तिच्यासोबत जाईल, हेही मला दिसत होते. मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि आत्यापुढे धरली.

"आत्या, तू उचललीस ती ही. मी वाचली ती माझी होती."

आत्याने चिठ्ठी घेतली नाही. "म्हायतीय," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"तुला द्यायच्या आदी वाचली व्हती की मी. चष्मा पदरातच आसतोय. घरी राहिला म्हनते ते तुझ्या आवाजात ऐकाया, येडे."

मी चिठ्ठी खाली केली. ती म्हणाली, "वाचली, आन् म्हनलं, ठीक हाय, देवाचं बोलावनं आलं. आता आप्रिशन न्हाय आन् काय न्हाय. मंग तुज्या त्वांडाकडं बघत बसले, ही आता काय करती. तू डोळं सुदीक हलवलं न्हाईस. माजं मरान उचललंस आन् आपल्या पिशवीत टाकलंस, बाजारातल्या वांग्यावानी."

"मग तू ऑपरेशनला हो कशी म्हणालीस? ते वचन तर तुझं नव्हतं."

"कागदाचं सोड. माज्या वाटनीचं मरान दुसऱ्यानं आपल्यावर घितलं, आन् सोताची चिठ्ठी माज्या हातात दिली. आपल्या धर्मात ह्येला काय म्हंत्यात, इंजिनेर? वर्सभर म्या देवाकडनं आजून कंचं वचन मागू?"

पाळकसाहेबांनी आकाशाकडे पाहिले. मला वाटते त्यांचे पुढच्या रविवारचे प्रवचन तिथेच तयार झाले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला येते. रविवारच्या शाळेत पहिल्याच वर्गात शिकवतात: आमच्या वाटणीचे मरण ख्रिस्ताने स्वतःवर घेतले. ते मला आजवर कोणी असे करून दाखवले नव्हते, आणि केले होते ते मीच, न कळता, वर स्वतःची स्कूटर सांभाळत. एवढेच लिहिते. डोळ्यांत पाणी आले का, याची नोंद करण्याची कायद्याने गरज नाही.

"तू येनार हाईस न्हवं माज्यासंगं?" आत्याने विचारले.

"हो. सुट्टी टाकली आहे."

"मंग तुला काय बी होनार न्हाय. माजी उस्तवारी कोन करंल?"

गेणबा तात्यांनी पेन उघडून हातात धरले होते. आत्याने त्यांच्या हातातून ते काढून घेतले. "तात्या, तुमी ऱ्हावा. मी करते सही."

मी सांगितले की तिने करू नये. ज्याच्या नावे काही ठेवले आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला ठेवलेले रद्द होते. घराचा हिस्सा आणि शिल्लक तिच्या नावे आहे. तिने सही केली तर तिला यातले काहीही मिळणार नाही.

"काय बी न्हाय?"

"काही नाही."

"मंग नीट दाखव कुठं करायची ती."

मी जागा दाखवली.

लिहून देणार: सोनम जोतीराम रणपिसे (सही)

साक्षीदार पहिले: हिंदुराव, पाळक (सही)

साक्षीदार दुसरी: संजीवनी रणपिसे (सही, दोन ओळींची जागा घेऊन, पूर्ण नावासह)

ठिकाण: लासुर्णे, तालुका इंदापूर
दिनांक: ११ जानेवारी २०२६

तळटीप: दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीमुळे कलम २ मधील घराचा हिस्सा आणि कलम ३ निष्प्रभ झाले आहे. घर आणि शिल्लक यांची व्यवस्था आता लावलेली नाही, त्यामुळे लिहून देणारीला तूर्त मरता येणार नाही. हे साक्षीदारास समजावून सांगितले. "त्येच तर," असे त्या म्हणाल्या.